वाणाच्या पंचवीस वाट्या

मायाक्काच्या घरात पैशाला आवाज होता. टिंग असा. सांगलीत विश्रामबागेतल्या तिच्या शिवणाच्या मशीनसमोर भिंतीवर जो क्यूआर कोड चिकटवला होता, तो नवऱ्याचा, जोतीरामचा. बाईनं ब्लाउजची शिलाई दिली की तिकडं दूध संघाच्या गोदामात बसलेल्या जोतीरामच्या खिशात टिंग. आणि मायाक्का भाजी घ्यायला गेली, की भाजीवालीच्या कोडचा फोटो काढून त्याला पाठवायचा, त्यानं तिकडून पैसे सोडायचे, तोवर हातात मेथीची जुडी धरून उभं राहायचं.

"आज दोनशे चाळीस? मसाल्याला?" संध्याकाळी बूट काढता काढता तो विचारायचा. रागानं नव्हे. विचारायची सवयच लागली होती.

रोखीचा जमाना होता तेव्हा तिचा एक डबा होता, तुरीच्या डाळीचा. शिलाईतले दहा-वीस रुपये त्यात पडायचे आणि वर्षातून एकदा त्यातून म्हसवडला वडलांना धोतर, स्वेटर, एखादी खोकल्याची बाटली जायची. कोणी विचारत नसे, कारण कोणाला दिसत नसे. रोख बंद झाली तसा डबा फक्त डाळीचा राहिला. गेल्या वर्षी वडलांच्या औषधाला तिनं कार्डावरून तीन हजार काढले. जोतीरामच्या खिशात तेव्हाच टिंग झालं. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर तो म्हणाला, "म्हसवडला कालव्याचं पाणी पोचायचं तवा पोचंल, पन आमच्या घरनं पाइपलाइन कवाच गेलीया." पाहुणे हसले. मायाक्का पण हसली. काय करणार?

वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी उत्कर्षा शिरवळची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं ते ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी ड्रेस घट्ट करायला आली आणि मशीनशेजारी फतकल मारून बसली.

"काकू, तुमचा डबा मी परत करून देते. फोनमध्ये."

"फोनमध्ये नगं बाई. लगीच टिंग हुतंय."

"ह्यात टिंग होत नाही. हे नाणं असंय की कुणी कुणाला किती दिलं ते तिसऱ्याला दिसत नाही. बँकेला नाही, दुकानदाराला नाही, काकांना तर नाहीच."

"म्हंजी चोरीचं?"

"चोरीचं नाही, झाकलेलं. जो काही टॅक्स लागेल तो भरायचा. पदर घेतो तो काय चोरी करायला घेतो?"

मायाक्काला ते पटलं. आणि एकदा पटलं की ती शिवणात जशी पक्की, तशी यातही पक्की झाली. उत्कर्षाची एक मैत्रीण परदेशात होती. तिच्यामार्फत बाळंतविड्याच्या लहान गोधड्यांची मागणी आली. मायाक्का चिंध्यांतून गोधड्या शिवायची आणि त्याचे पैसे त्या नाण्यात यायचे. फोनमधल्या पाकिटाला ती डबाच म्हणायची. उत्कर्षाचं म्हणणं असं, की नुसतं साठवून ठेवायचं नाही, रोज थोडं वापरायचं, म्हणजे भीती मोडते. मागच्या गल्लीत पूजा नावाची एकजण कॉलेजच्या मुलींचे जेवणाचे डबे करायची. दोन-चार मुली तिला हेच नाणं द्यायच्या. मायाक्का तिच्याकडून शेंगदाण्याची चटणी घ्यायची, पूजा मायाक्काकडून पोरीचे फ्रॉक शिवून घ्यायची. फोन फोनसमोर धरायचा, की झालं. पहिल्यांदा चटणीचे पैसे आपल्या हातानं देताना मायाक्काला घाम फुटला होता. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. त्यात नवऱ्याला न कळता घेतलेली ही पहिली चटणी.

"पण एक ऐका," उत्कर्षा म्हणाली होती. "ह्याची किल्ली म्हणजे पंचवीस इंग्रजी शब्द, नंबरवार. फोन हरवला, फुटला, तरी ते शब्द असले की दुसऱ्या फोनात डबा उघडतो. शब्द गेले की मात्र देव आला तरी उघडणार नाही. फोटो काढायचा नाही, कुणाला पाठवायचे नाहीत. कागदावर लिहा. दोन प्रती, दोन घरी."

कागद म्हटल्यावर मायाक्काला महापूर आठवला. गावभागात राहणाऱ्या तिच्या नणंदेच्या घरातला कागदन् कागद लगदा झाला होता. सातबारा, लग्नपत्रिका, सगळं एकाच चिखलात. टिकलं काय, तर नाव घातलेली भांडी. घासली आणि पुन्हा मांडली.

"स्टीलवर कोरले तर?"

"परदेशात लोक तेच करतात, काकू. पत्र्यावर कोरतात."

मायाक्का मारुती रोडला गेली. भांडेवाल्याकडून एकसारख्या वाट्या घेतल्या, दोन डझन आणि वर एक.

"संक्रांतीच्या वाणाला न्हेताय व्हय, ताई? आत्तापास्नं?"

"व्हय," ती म्हणाली. तेवढंच सोपं होतं.

भांडेवाल्याकडून नाव घालून घेतलं तर शब्द परक्याला दिसणार. म्हणून तिनं तीनशे रुपयांचं कोरायचं पेन मागवलं आणि दुपारी घर मोकळं असताना आठ दिवस बसून एकेका वाटीच्या बुडाला एकेक शब्द कोरला. आधी नंबर, मग शब्द, आणि संशय नको म्हणून खाली आडनाव. एका वाटीवर एकच शब्द असला, की बघणाऱ्याला वाटावं कंपनीचं नाव आहे. शिवणाचा हात तिचा, अक्षर मोत्यासारखं आलं. मग कागद जाळला. दुसरी प्रत करायची राहिली. पुढच्या महिन्यात करू, म्हसवडला बाबाच्या ट्रंकेत ठेवू, असं म्हणता म्हणता गोधड्यांची मागणी वाढली.

वाट्या माळ्यावर चढवताना सासूनं पाहिलं.

"कशाच्या गं ह्या?" धोंडुबाईंनी विचारलं.

"वाणाच्या, आत्ती. स्वस्त मिळाल्या."

"शानी माझी बाय," धोंडुबाई म्हणाल्या. धोंडुबाईंच्या तोंडून असा शब्द वर्षातून एखाद्या वेळी निघायचा.

डिसेंबरात मायाक्का वडलांना सांगलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन आली. हरिबा सत्तरीचे, सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. उजवा डोळा केव्हाच मालवला होता, डावा अरुंद झाला होता. "बोगद्यातनं बघतुया असं वाटतंय," ते म्हणाले. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती वाचवायची, आणि जानेवारी संपायच्या आत वाचवायची. खर्च पस्तीस हजार. सरकारी योजनेच्या यादीत बसत नव्हतं. भाऊ म्हणाला, आमच्याकडं जमत नाही.

मायाक्काच्या डब्यात तेव्हा एक्केचाळीस हजारांचं नाणं होतं. सहा महिन्यांच्या गोधड्या. तिनं दवाखान्याच्या पायरीवरच हिशोब घातला आणि बाबाचा हात दाबला. जानेवारीची बावीस तारीख ठरली. नाण्याची रोकड करून द्यायला पूजा तयार होती. घरी मायाक्का जोतीरामला म्हणाली, "योजनेतनं फुकट हुतंय." तो म्हणाला, "मग करून टाक की." इथवर सगळं शिवणीसारखं सरळ आलं होतं.

पाच जानेवारीला लग्नाचा वाढदिवस. जोतीरामनं एकोणीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी आणलं. नवा फोन.

"तुझा सारखा बंद पडत हुता न्हवं? जुना एक्सचेंजमध्ये देऊन टाकला. सकाळी तू आंघोळीला गेलीस तवाच उचलला. फोटो, नंबर समदं नव्यात घेतलंय. त्या पोरानं जुना पार धुवून पुसून साफ केला."

तो इतका खुश होता, की मायाक्कानंही तोंड गोड केलं. जुन्या फोनासोबत डबाही पुसला गेला होता, पण शब्द होते. फोन हरवला, फुटला तरी चालेल असं उत्कर्षा म्हणाली होती, ती हीच वेळ. वाट्या माळ्यावर होत्या. उत्कर्षा सुट्टीला शिरवळला गेली होती, संक्रांत करून एकोणीसला परत येणार होती. ती आली, की दुपारी दार लावून दोघी वाट्या ओळीनं मांडणार आणि डबा उघडणार. तीन दिवसांचं अंतर होतं, भरपूर होतं. मायाक्का सोळा तारखेला बाबाला आणायला म्हसवडला गेली.

येताना विट्याला एसटी दीड तास बंद पडली. मग हरिबांना हाताला धरून ती घराच्या फाटकाशी आली तेव्हा दिवे लागले होते आणि दारात चपलांचा ढीग होता. आतून अत्तराचा वास, बायकांचा गलका.

"कोन आलंय गं एवढं?" हरिबा म्हणाले.

"हळदीकुंकू दिसतंय, बाबा. तुमी हितंच खुर्चीत बसा."

फाटकातून एक बाई बाहेर पडली. पदराखाली हात. हातात वाटी. वाटीत तिळगूळ.

मायाक्का आत गेली. धोंडुबाई जरीचं लुगडं नेसून जाजमावर बसल्या होत्या, शेजारी घमेल्यात वाट्या. नऊ उरल्या होत्या. भिंतीला लागून बायका रांगेनं बसल्या होत्या, निम्म्या मायाक्कानं कधी पाहिलेल्याही नव्हत्या.

"आली बया! म्हटलं, बापाच्या डोळ्याच्या नादात तुझं हळदीकुंकू ऱ्हाईल. आज चांगला दिस हुता, उरकून टाकलं. भजनी मंडळाच्या आल्या, मिरजंच्या दोघी, जतची येक. चल, हात धू, राह्यल्यांस्नी तू लाव."

"आत्ती... ह्या वाट्या ऱ्हाऊ द्या. दुसरं कायतरी देऊ."

"दुसरं काय? रिकाम्या हातानं लावून देऊ व्हय बायका?"

रांगेतली एक हसून म्हणाली, "सुनंला आमच्यापेक्षा वाट्या प्यारी दिसत्यात, धोंडाक्का!" खोलीभर हशा पिकला.

मायाक्कानं हात धुतले. हळद लावली, कुंकू लावलं, अत्तर मनगटावर ओढलं, आणि एकेक वाटी उचलून, उलटी करून, सुलटी करून समोरच्या ओंजळीत ठेवली. बायकांना वाटलं, ती धूळ बघतेय. ती वाचत होती. तेरा, बावीस, चार... शिवणाच्या बाईला पंधरा जणींची मापं तोंडपाठ असतात, नऊ शब्द कसे राहणार नाहीत? शेवटची बाई उठेपर्यंत तिचे ओठ हलत होते. धोंडुबाईंना वाटलं, सून देवाचं म्हणतेय. बायका गेल्यावर ती स्वयंपाकघरात पळाली आणि ते नऊ शब्द कॅलेंडरच्या मागं लिहिले.

सोळा राहिले.

रात्रीची भाकरी टाकताना तिनं विषय काढला. "आत्ती, कुणाकुणाला दिल्या, आठवतंय? त्यातल्या काय परत मिळाल्या तर..."

धोंडुबाईंचा हात थांबला. "वाण परत? अगं, कुकवावर येतंय त्ये. माझ्या लेकाच्या जिवावर उठलीस व्हय, दीडदमडीच्या वाटीसाठी?"

मायाक्कानं पुढची भाकरी थापली. खरं सांगायचं तर काय सांगायचं? वाटीवर बापाचा डोळा कोरला होता म्हणायचं?

दुसऱ्या दिवसापासून मायाक्का चहाला जाऊ लागली. जिच्या घरी कधी पाऊल टाकलं नव्हतं, तिच्याकडंही. "बसते जरा, पाय दुखायला लागले," म्हणायचं आणि नजर मांडणीवर. मागायची नाही, फक्त बुड वाचायचं. एकीनं वाटी तुळशीपुढं दिव्याला ठेवली होती. एकीनं गॅसवर फोडणी करून काळी केली होती, तरी अक्षर दिसलं. एका घरी कुत्रं तीत दूध पीत होतं. मायाक्का गुडघ्यावर बसली आणि कुत्र्याचं पिणं होईस्तोवर थांबली. "लय माया हो तुम्हाला मुक्या जनावराची," घरवाली म्हणाली. पण भजनी मंडळातल्या दोघींनी त्या वाट्या पुढच्या हळदीकुंकवात वाण म्हणून देऊन टाकल्या होत्या. आता त्या कुठं, देव जाणे. मिरजेच्या पाहुण्या नावानिशी कोणालाच ठाऊक नव्हत्या. जतची बाई जतला गेली होती.

एकोणीसला उत्कर्षा आली. तिनं कॅलेंडरचा कागद दोनदा वाचला. नऊ अधिक सात, सोळा शब्द.

"एखादा नसता तर मी कॉम्प्युटरला लावून शोधला असता, काकू. दोनसुद्धा, कदाचित. नऊ नाही होणार. आपल्या जन्मात नाही."

"कुठं फोन करायचा आसंल तर? त्या नाण्यावाल्यांचं हापीस?"

"ऑफिसच नाही काकू. म्हणून तर कुणाला दिसत नाही." उत्कर्षाचे डोळे भरले. "तुम्ही दुसरी प्रत केली होती ना?"

मायाक्का मशीनवरची धूळ पुसू लागली.

"पैसं हायती की पन तिथंच?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"आहेत. तिथंच आहेत. कुणीही नेणार नाही."

हे ऐकून तिला अधिकच वाईट वाटलं. चोरानं नेले असते तर निदान शिव्या घालायला माणूस असता.

एकवीसच्या संध्याकाळी जोतीराम जेवून उठला तेव्हा तिनं सांगितलं. हरिबा बाहेर खुर्चीत बसले होते, म्हणून आवाज दाबून.

"उद्याचं पस्तीस हजार लागतील."

"फुकट हुतंय म्हनालीस की."

"न्हाई हुत. मी खोटं बोलले."

तिनं मग सगळं सांगितलं, गोधड्या, नाणं, वाट्या. वाट्यांपाशी तो फस्सकन हसला. मग एकाएकी थांबला.

"माझ्यापास्नं लपवून?"

"तुमच्यापास्नं."

"आगं, मागितलं असतंस तर मी दिलं नसतं व्हय?"

तिनं त्याचं ताट उचललं. त्याच वेळी त्याच्या खिशात टिंग झालं. मागच्या गल्लीतल्या कोणीतरी पिको-फॉलचे साठ रुपये पाठवले होते. दोघांनीही खिशाकडं पाहिलं. जोतीरामनं फोन काढला नाही. 

"आत्ता न्हाईत गं माझ्याकडं," शेवटी तो म्हणाला, आणि ते खरं होतं. "फोनचे हप्ते चालू झाल्यात. संघाच्या सोसायटीकडं कर्जाचा अर्ज टाकतो. मार्चला मिळतील. मार्चला करू, दोन महिन्यात काय हुतंय?"

त्यानं शब्द पाळला, हे म्हणायला हवं. मार्चच्या दहा तारखेला स्वतः रजा काढून सासऱ्याला दवाखान्यात नेलं, फॉर्मवर सही केली, रात्री बाकावर झोपला. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, आहे ती नजर राहील. पण आहे ती म्हणजे दारातल्या उजेडाची पट्टी, आणि त्या पट्टीत कोणी उभं असलं तर एक सावली. जानेवारीत आला असता तर, एवढं बोलून त्यांनी पुढचं कागदावर लिहिलं.

एप्रिलच्या एका दुपारी पूजा आली. हातात वाटी, वाटीत ताज्या कुरडया. "काकू, ही तुमची का बघा. माझ्या आत्याबाईनं मिरजेहून काहीतरी घालून पाठवली होती, खाली तुमचं आडनाव दिसलं." आणि जाता जाता हळूच म्हणाली, "तुम्ही नव्या डब्याचे शब्द दोन ठिकाणी लिहिलेत ना? मी पण लिहिले. एक प्रत माहेरी ठेवली."

मायाक्कानं मान हलवली. तिनं लिहिले होते. एक कागद प्लास्टिकमध्ये बंद करून धान्याच्या कोठीमागं, दुसरा म्हसवडला, बाबाच्या ट्रंकेत. नव्या डब्यात दोन गोधड्यांचे पैसे होते. क्यूआर कोड मात्र अजून भिंतीवर होता तसाच होता.

तिनं त्याच वाटीत आमटी घालून, ऑपरेशनपासून तिच्याकडंच राहिलेल्या बाबापुढं ठेवली. हरिबांनी चाचपत वाटी उचलली, दोन घोट घेतले आणि बोटं बुडाखाली फिरवत थांबले. मेंढरांच्या कानावरची खूण अंधारात ओळखणारी बोटं ती.

"कायतरी लिवलंय गं हितं."

"व्हय, बाबा."

"काय लिवलंय?"

मायाक्कानं वाकून पाहिलं. सतरा नंबर. पुढं इंग्रजी शब्द, ज्याचा अर्थ तिला तेव्हाही माहीत नव्हता आणि आताही नाही.

"नाव हाय. आमचं. हरवू नये म्हनून घातल्यालं."

"चांगलं केलंस," हरिबा म्हणाले आणि उरलेली आमटी प्यायले. मग रिकामी वाटी त्यांनी पुढं केली. ती जिथं उभी होती त्याच्या जरा बाजूला. मायाक्का सरकून तिथं गेली आणि घेतली.